चौकटची आठ

२ ऑगस्ट २००७, गुरुवार. दारव्हा

ही डायरी एका बियाणे कंपनीची आहे. कव्हरवर नारळाएवढं कापसाचं बोंड आणि ते हातात धरून हसणारा शेतकरी. एवढं बोंड आणि एवढं हसू, दोन्ही मी यवतमाळ जिल्ह्यात अजून पाहिलेलं नाही. जानेवारीत फुकट मिळाली होती. तेव्हापासून बायको नाजिया तिच्यावर गरम पातेली ठेवते. आज मी ती पातेल्याखालून ओढून काढली, कारण पेपरात लिहायला जागा राहिली नाही आणि हाताला सवय लागलेली आहे.

‘दैनिक अरुणावती’चे संपादक विठ्ठलराव यांचा यवतमाळहून फोन आला. माझं ‘मैदानावरून’ हे सदर आता आठवड्यातून तीनदा नाही, एकदाच. त्यांचाही नाइलाज आहे. पहिल्या पानावर कापूसवाल्यांच्या मरणाचा रोजचा आकडा असतो. दुसऱ्यावर तो आकडा मोजायला आलेल्या समित्यांचे फोटो. मधल्या पानांवर सरकारी पॅकेज. सातव्यावर मी, आणि माझ्या शेजारी कीटकनाशकाची जाहिरात. जाहिरात फुगली की मी आटतो. म्हटलं, विठ्ठलराव, कबड्डीवाले पण याच जिल्ह्यात राहतात. ते म्हणाले, "वाहिदभाई, ते जिते आहेत न. जित्या माणसाची बातमी होत नाही सध्या."

तर आपली कारकीर्द अशी. बोरी अरबला अब्बांच्या गॅरेजात ट्रॅक्टर खोलले. तिथून लाऊडस्पीकर भाड्याने देऊ लागलो. माईक तपासताना ‘हॅलो हॅलो’ इतकं चांगलं म्हणायचो की लोकांनी पुढचंही बोलायला सांगितलं. निवडणुकीत एकाच जीपमधून तीन पक्षांचा प्रचार केला, फक्त झेंडा बदलायचा. उरूस, सर्कस, बैलांच्या शर्यतींचा शंकरपट, टेनिस बॉलचं क्रिकेट. आणि कबड्डी बावीस वर्षं.

या बावीस वर्षांत माईकवरून एकही चुकीचा शब्द गेला नाही, हे मात्र मी थट्टेत सांगत नाही. एकदा रेषेवरून दोन गावांची मारामारी जुंपली तेव्हा लोकांनी एकच विचारलं, वाहिदभाई काय बोलले? मी जे बोललो ते धरलं आणि सगळे जेवायला गेले. शेतीवाडी माझ्याकडे नाही. आहे ते एवढंच आहे.

६ ऑगस्ट, सोमवार

देवसिंगभाऊ आले होते. तालुक्यात केबल त्यांची, केबलवरचा लोकल चॅनलही त्यांचा. त्यावर सकाळी भजनं आणि उरलेला दिवस हरवलेल्या म्हशी असतात. त्यांना काहीतरी नवीन हवं आहे. नवीन म्हणजे पत्ते. रमीची मोठी स्पर्धा, थेट प्रक्षेपण, आणि बोलायला मी.

पोळ्याला आपल्याकडे पत्ते कुटतात हे पोलिसांना ठाऊक असतं. तेही पोळ्यालाच छापे टाकतात, म्हणजे सण दोघांचाही होतो. पण देवसिंगभाऊंनी अर्जावर ‘बुद्धिकौशल्य स्पर्धा’ असं लिहिलं आणि परवानगी मिळाली. बक्षीस मोटरसायकल. प्रायोजक अक्षय, बसस्टँडजवळच्या कृषी केंद्राचा मालक, डोक्याला जेल आणि बोलण्यात ‘सर’. तो स्वतः खेळणारही आहे. प्रायोजकाने खेळू नये असं नियमात कुठेच नाही, कारण नियम त्यानेच टाइप करून आणले.

अम्मी म्हणाली, पत्ते खेळणं हराम आहे. मी म्हटलं, मी खेळत नाही, सांगतो. तर म्हणाली, मग सांगणाऱ्याचं काय होतं ते मौलानांना विचारून घे. विचारलं नाही. ते हो म्हणाले असते तर पंचाईत झाली असती.

२६ ऑगस्ट, रविवार

पहिला दिवस. जागा म्हणजे गावाबाहेरच्या बंद जिनिंगचं गोदाम. पूर्वी इथे कापसाच्या गंज्या असायच्या, आता प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत. मध्ये टेबल, दोन मोठे कूलर, बाहेर बॅनर. मी गोदामात नाही, शंभर पावलांवरच्या काटाघरात. जिथे बैलगाड्यांचं वजन व्हायचं तिथे आता माईक, टीव्ही आणि मी.

ही दूर बसण्याची कल्पना माझी. कॅमेरेवाला खेळाडूच्या खांद्यावरून हातातली पानं दाखवतो आणि मी सांगतो, यांच्याकडे काय आहे, कशाची वाट बघतात, समोरच्याने कुठलं पान टाकलं तर डाव संपेल. खेळणाऱ्याला जे दिसत नाही ते सगळ्या तालुक्याला दिसतं, यातच मजा आहे. म्हणजे दिसतं असं नाही. केबलवर चित्र एवढं भुरकट जातं की पान लाल आहे का काळं, इतपतच कळतं. बाकी सगळं माझ्या तोंडावर. काटाघरातल्या टीव्हीवर कॅमेऱ्याची तार थेट येते, तिथे मला स्वच्छ दिसतं.

खेळणाऱ्यांना माझा आवाज जात नाही. कूलर एवढे वाजतात की शेजाऱ्याचाही जात नाही.

संध्याकाळी घरी आलो तर अम्मी टीव्हीसमोर. विचारलं, हराम ना? म्हणाली, मी पत्ते बघत नाही, मुलगा ऐकते.

३० ऑगस्ट, गुरुवार

लोकप्रियता वाईट असते असं लोकप्रिय नसलेले लोक सांगतात. न्हाव्याने आज रांग मोडून माझी दाढी केली. इंदूबाई चहावालीने टपरीवर टीव्ही बसवला. फवारणी सोडून माणसं रमी बघतात अशी तक्रार कृषी सहायकाने केली, आणि तक्रार करून तोही बघत बसला.

अक्षय तीनही डाव जिंकला. पोराला सहावं इंद्रिय आहे. समोरच्याला किलवर हवं असेल तर हा एक किलवर सोडत नाही, छातीशी धरून बसतो. लक्ष किती एकाग्र असावं? टेबलावर त्याचा मोबाइल असतो, आवाज बंद, नुसता निळा दिवा चमकतो. डावभर मिस्ड कॉल येत राहतात. दुकानदार माणूस, गिऱ्हाइकं तरी किती. पण पठ्ठ्या एकही उचलत नाही. सदरात हेच लिहिलं. शीर्षक दिलं ‘एकाग्रतेचं नाव अक्षय’. विठ्ठलरावांना इतकं आवडलं की त्यांनी जाहिरात एक बोट कापली.

२ सप्टेंबर, रविवार

आज धर्मपाल हरला. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही असं नाही, पण वाटायच्या आधी वाक्य सुचलं.

धर्मपाल झेडपीच्या शाळेत पीटीचा मास्तर आणि कबड्डीचा पंच. बावीस वर्षं त्याची शिट्टी आणि माझा माईक अशी जोडी. सख्ख्या मेव्हण्याला बाद देणारा माणूस. मेव्हणा अजून त्याच्या घरी पाणी पीत नाही. रमी तो फार छान खेळतो, डोक्यात बावन्न पानांचा हिशेब ठेवतो. पण अक्षयपुढे त्याला हवं ते पान आलंच नाही. शेवटी हात खाली ठेवून तो कितीतरी वेळ टेबलाकडे बघत राहिला. मी माईकवर म्हणालो, "सर मैदान शोधून राह्यले वाटते." तालुका हसला म्हणतात.

साखळी सामना होता, त्यामुळे तो अजून स्पर्धेत आहे.

५ सप्टेंबर, बुधवार

सदर छापून आलं. ‘शिट्टीवाल्यांनी शिट्टीच वाजवावी’. लिहिलं होतं की जुने खेळाडू पानं मोजतात, नवे खेळाडू माणूस वाचतात, आणि मोजणाऱ्यांचा जमाना गेला. नाव कुणाचंच नव्हतं. दारव्ह्यात नावाची गरजही नसते.

आज शिक्षक दिन आहे हे माझ्या लक्षात राहिलं नाही. शाळेत मुलांनी धर्मपालला गुलाब दिला आणि एका शिक्षकाने पेपर वाचून दाखवला, असं कळलं. दुपारी तो सायकलवरून समोरून गेला. मी हात केला. त्याचे दोन्ही हात हँडलवर होते, तेव्हा त्याला हात करता आला नसेल.

८ सप्टेंबर, शनिवार

उपांत्य फेरीत धर्मपालने वणीच्या एका कोळसा ट्रकवाल्याला हरवलं. ट्रकवाला येताना बक्षिसाची मोटरसायकल न्यायला रिकामा ट्रक घेऊन आला होता. दुसरीकडून अक्षय. अंतिम सामना बारा तारखेला, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. मीच आग्रह केला. त्यानंतर दोन-तीन दिवसांत रमजान लागतो, रोज्यात मी पत्ते सांगणार नाही. मलाही काही तत्त्वं आहेत, त्यांची तारीख ठरलेली आहे इतकंच.

१० सप्टेंबर, सोमवार

जेवताना अम्मी म्हणाली, तो जेलवाला पोरगा चोर आहे. मी म्हटलं, अम्मी, तुला पत्त्यातलं काय कळतं? अम्मी घरात उर्दू बोलते, पण भांडायचं असलं की वऱ्हाडी.

"मले पत्ते नाई समजत. मोजता येते न? तू बदाम म्हनला का त्याचा फोन दोनदा चमकते. किलवर म्हनला का चारदा. इस्पिक म्हनला का येकदा. मी काय आंधयी हाओ काय?"

मी हसलो. नाजिया हसली नाही. म्हणाली, अम्मी चार दिवसांपासून सांगत होत्या, तुम्ही सदर लिहीत होते.

दुपारी देवसिंगभाऊंकडून धर्मपालच्या हरलेल्या डावाची सीडी मागून आणली. दार लावून तीनदा बघितली. त्या डावात मी अकरा वेळा रंगाचं नाव घेतलं. अकराही वेळा थोड्याच वेळात दिवा मोजून चमकला. चौकटला तीनदा, जसा ठरलेला. मिस्ड कॉलला पैसा लागत नाही, उचलावा लागत नाही, आणि बाहेर कुणीतरी टीव्हीसमोर बसून माझं बोलणं ऐकत होतं. चित्रात पान दिसत नव्हतं. माझ्यामुळे कळत होतं.

म्हणजे धर्मपाल अक्षयशी हरला नव्हता. मी त्याच्या पाठीमागे उभा राहून त्याची पानं सांगत होतो, आणि वरून पेपरात त्याची टिंगल केली. जेवण गेलं नाही. लाज वाटली. याहून बरा शब्द सुचला नाही.

११ सप्टेंबर, मंगळवार. पोळा

डायरीच्या आजच्या पानावर छापलं आहे, ‘कपाशीचे बारकाईने निरीक्षण करा’. आभारी आहे.

बैल रंगवून गावातून चालले होते, मी त्यांच्यामधून वाट काढत देवसिंगभाऊंकडे गेलो. त्यांना सीडी दाखवली. त्यांनी पूर्ण बघितली, मग टीव्ही बंद केला. वाटलं, चिडतील. ते फार थकल्यासारखे दिसले. म्हणाले, स्पर्धा रद्द केली तर कारण सांगावं लागेल. कारण सांगितलं तर बुद्धिकौशल्य राहत नाही, जुगार होतो. मग गुन्हा सगळ्यांवर, आणि खेळणाऱ्यांमध्ये सरकारी नोकर एकच.

"मास्तरची नौकरी जाईन, वाहिदभाई. तुमी चोर धराले जासान, अन् सापडन तो."

मग अक्षयला फोन बाहेर ठेवायला सांगा, म्हटलं. ते म्हणाले, सांगितलं की तो विचारेल काहून, आणि बॅनरसकट निघून जाईल. मग मी पानांची नावं घेत नाही, म्हटलं. ते म्हणाले, मग तुम्ही काटाघरात बसून काय करणार, बैलगाड्या मोजणार?

घरी येताना ठरवलं. उद्या जे दिसेल तेच बोलायचं. माझं काम बोलण्याचं. न्याय करायला जिल्ह्यात कोर्ट आहे.

१२ सप्टेंबर, बुधवार

तीन डावांचा सामना. पहिला अक्षयने घेतला. मी सरळ बोललो. दिवा चमकला. दुसऱ्यात धर्मपालला पानंच अशी पडली की चौथ्या पानाला त्याने शो केला, मिस्ड कॉल लागायलाही सवड मिळाली नाही.

तिसरा लांबला. धर्मपालची दहा पानं लागलेली. उरलेल्यांत चौकटची सात, चौकटची नऊ आणि एक फालतू पान. मधली आठ हवी, आली की सामना त्याचा. कॅमेरा खांद्यावरून वळला आणि चौकटची आठ अक्षयच्या हातात दिसली. त्याला तिचा काही उपयोग नव्हता, फक्त धरून होता. त्याच्याकडे टाकायला दोन पानं होती, ती आठ किंवा बदामची दश्शी.

मी माईकवर म्हणालो, "धर्मपाल सर बदामच्या दोन पानांवर बसले आहेत. एक बदाम आला की शो."

कसं म्हणालो ते सांगता येत नाही. ठरवलं नव्हतं. ‘च’ म्हणायला तोंड उघडलं आणि ‘ब’ निघाला, असंही नाही. मी नीट, सावकाश म्हणालो, आणि पुन्हा एकदा म्हणालो. मग माईक टेबलावर ठेवला.

दिवा दोनदा चमकला. अक्षयने बदाम छातीशी धरला आणि आठ टाकली. धर्मपालने ती उचलली, पानं उघडी मांडली आणि शो केला. पंचांनी मोठ्याने वाचलं, चौकट, सात आठ नऊ.

मग अक्षय जे म्हणाला ते मला ऐकू येण्यासारखं नव्हतं, नंतर देवसिंगभाऊंनी सांगितलं. तो म्हणाला, "पन बदाम होते न?" लोकांना वाटलं, आपल्याच पानांबद्दल बोलतो आहे. टाळ्यांत ते वाहूनही गेलं. फक्त धर्मपाल खुर्चीवरून उठता उठता थांबला आणि त्याच्याकडे बघत राहिला, असं देवसिंगभाऊ म्हणाले. जिंकल्यावर माणूस थोडा वेळ असाच थांबतो.

१३ सप्टेंबर, गुरुवार

सकाळपासून सगळं गाव एकच विचारतं, वाहिदभाई काय बोलले? लाल पान होतं, ते सगळ्यांनी बघितलं. चौकटला बदाम म्हणाले, तेही दोनदा, तेही फायनलला. इंदूबाईच्या टपरीवर कुणीतरी माझ्या आवाजात म्हशीला बैल म्हणत होतं. नक्कल चांगली होती.

देवसिंगभाऊ समजून आहेत, पण समजून असल्याचं दाखवू शकत नाहीत. म्हणाले, थोडे दिवस आराम करा. चॅनलवरच्या हरवलेल्या म्हशीही आता माझ्याऐवजी त्यांचा भाचा वाचतो. विठ्ठलरावांनी सदर बंद केलं नाही, ‘विश्रांती दिली’. त्या जागी राशिभविष्य येईल, हवं तर मी लिहावं म्हणाले. तिथे चुकलं तरी चालतं.

दुपारी धर्मपाल आला. नवी मोटरसायकल दारात लावली, आत आला नाही. नाजियाने आणलेलं पाणी प्याला. पाच तारखेनंतर पहिल्यांदा माझ्याशी बोलला.

"मले येकच सांग, वाहिद. तू चुकला, का खोटं बोलला?"

मी बावीस वर्षं या माणसाला ओळखतो. खोटं बोललो म्हटलं असतं, तर का ते सांगावं लागलं असतं. आणि ते ऐकून त्याने गाडी तिथेच सोडली असती, पुढे पायी पोलीस ठाण्यात जाऊन स्वतःविरुद्ध जबाब दिला असता. नोकरी घालवली असती आणि वर मलाच नियम समजावून सांगितला असता. जिंकलेलं त्याचं होतं. मी फक्त चोरलेलं परत टाकलं होतं.

"चुकलो," मी म्हणालो. "डोये गेले माये."

त्याने जवळ येऊन माझ्या डोळ्यांत बघितलं. मग म्हणाला, यवतमाळला चांगला डॉक्टर आहे, सोमवारी नेतो.

१७ सप्टेंबर, सोमवार

रोज्याचा तिसरा दिवस. धर्मपालने शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा टाकली. नकार द्यायला काही कारण सापडेना. डोळे गेलेल्या माणसाने डॉक्टरकडे जायला का नाही म्हणावं?

डॉक्टरने भिंतीवरचा तक्ता वाचायला लावला. धर्मपाल दाराशी हाताची घडी घालून उभा. मला सगळ्यात खालची ओळ दिसत होती, तिच्याखाली छापखान्याचं नावही दिसत होतं. वरच्या दोन ओळी बरोबर वाचल्या. तिसरीत ‘ग’ला ‘म’ म्हणालो. चौथीत तर जे सुचेल ते. रोज्यात, तोंडात पाण्याचा थेंब नसताना, एक एक अक्षर निवडून खोटं बोललो. डॉक्टरला दोनदा भिंग बदलावं लागलं, तो जरा गोंधळलेला दिसत होता. शेवटी त्याने चष्मा दिला. घातल्यावर यवतमाळ शहर पाण्याखाली गेल्यासारखं दिसू लागलं.

परत येताना तो खिशात ठेवला. लोहाऱ्याच्या एमआयडीसीपुढे रस्ता सरळ आहे. फार लांब, बाभळीच्या सावलीत एक काळी म्हैस आडवी बसलेली दिसली. मी मागून म्हणालो, हळू घे, म्हैस आहे. धर्मपालने गाडी हळू केली. म्हैस बऱ्याच वेळाने आली. तिला वळसा घालून त्याने गाडी थांबवली, मागे वळून माझ्याकडे बघितलं, माझ्या खिशाकडे बघितलं, आणि पुन्हा किक मारली. नवी गाडी आहे, म्हैस बघून घाबरला असावा.

२० सप्टेंबर, गुरुवार

मोटरसायकल देवसिंगभाऊंच्या ऑफिससमोर उभी आहे, चावी टेबलावर. धर्मपालने काल संध्याकाळी परत आणून दिली. म्हणाला, पाठ दुखते, चालवणं होत नाही, शाळेच्या क्रीडा निधीसाठी लिलाव करा. आज सायकलवरून शाळेत गेला. माझ्या दारावरून जाताना थांबला, चष्मा लावतो का विचारलं, आणि लाव म्हणाला.

गावात आता त्याच्या पाठीवर चर्चा सुरू आहे. मी नाजियाला म्हटलं, कबड्डीत चाळीस वर्षं काढलेल्या माणसाची पाठ आठवडाभराच्या मोटरसायकलने कशी दुखेल? ती उठून डाळ घाटायला गेली.

पण धर्मपाल आयुष्यात खोटं बोललेला नाही. दुखतच असणार. इफ्तार झाला की तेलाची बाटली घेऊन त्याच्याकडे जातो.